साहेबांचा निरोप खरा कशावरून?

सप्टेंबर २०२२. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधल्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला. पाठवणारा स्वतःला कंपनीचे प्रमुख आदर पूनावाला म्हणवत होता. काही बँक खात्यांचे तपशील दिले होते आणि त्यांवर ताबडतोब पैसे पाठवा, असं सांगितलं होतं. पैसे गेले. एक कोटी एक लाखाहून थोडे अधिक. पूनावालांनी असा निरोप पाठवलाच नव्हता, हे पुढे उघड झालं आणि बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. मात्रांच्या संख्येत जगातली सगळ्यात मोठी लसउत्पादक कंपनी ती. तिथून लशीची एक बॅच बाहेर पडायची तर किती चाचण्यांतून जावं लागतं, याची कल्पना करून पाहावी. त्याच इमारतीतून एक कोटी रुपये मात्र एका निरोपावर बाहेर पडले.

अशी बातमी वाचली की चहाच्या टपरीवरचा प्रश्न ठरलेला असतो, ‘एवढ्या मोठ्या माणसाला एवढं कळलं नाही?’ न्याय करायचा तर उलट विचारायला हवं, की त्याला नेमकं काय कळायला हवं होतं? कचेरीतला सगळा कारभार दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. गोदामवाला सांगतो माल उतरला, खरेदीवाला सांगतो दर ठरला, साहेब सांगतात बिल सोडा. हिशेबनीस यातलं काहीच स्वतः पाहत नाही. शब्द खरा धरून तो बटण दाबतो. म्हणजे प्रश्न एका संचालकाच्या हुशारीचा नाही. दुसऱ्याचं बोलणं खरं मानायला कारण लागतं, की खोटं मानायला?

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर शतकानुशतकं कडाक्याचा वाद झाला आहे, आणि त्यातल्या दोन्ही बाजू आजच्या कुठल्याही अकाउंट्स विभागात बसलेल्या दिसतात.

एका बाजूला मीमांसक. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने मांडलेला त्यांचा सिद्धांत म्हणजे स्वतःप्रामाण्य. ज्ञान झालं की ते खरंच धरायचं, खरेपणासाठी त्याला बाहेरून शिफारसपत्र लागत नाही. खोटं ठरवायचं असेल तर मात्र कारण दाखवा. तेही दोनच प्रकारचं: एक तर ते ज्ञान जिथून आलं तिथे काही दोष आढळावा, किंवा त्याला छेद देणारं दुसरं ज्ञान पुढे यावं. दुसऱ्या बाजूला नैयायिक. त्यांचं म्हणणं परतःप्रामाण्याचं. ज्ञान झालं एवढ्याने ते खरं ठरत नाही, खरेपणा वेगळा तपासावा लागतो आणि तो बाहेरून कळतो.

वरवर पाहता मीमांसक भाबडे आणि नैयायिक संशयी वाटतात. प्रकरण इतकं सोपं नाही. मीमांसकांना राखायचा होता वेद, आणि वेद त्यांच्या मते अपौरुषेय, म्हणजे त्याला कुणी कर्ताच नाही. बोलणाराच नसेल तर बोलणाऱ्याचा लोभ, अज्ञान, लबाडी येणार कुठून? ही सवलत त्यांनी माणसाच्या बोलण्याला कधी दिली नव्हती. व्हॉट्सॲपवरचा निरोप पूर्णपणे पौरुषेय असतो. कुमारिल भट्ट लेखा विभागात असते तर ‘ताबडतोब’, ‘कुणाला सांगू नका’ आणि ‘खातं नवीन आहे’ या तीन गोष्टी एकत्र पाहून त्यांनी उगमदोषाची नोंद केली असती.

नैयायिकांनी आणखी एक फरक केला, तो तर थेट धोरणपुस्तिकेत घालण्याजोगा आहे. त्यांच्या मते ज्ञान दोन स्थितींत होतं. ओळखीच्या गोष्टीबद्दलचं ज्ञान अभ्यासदशेतलं. ते आधीच्या खऱ्या ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचं असतं, म्हणून त्याच्या खरेपणाचं अनुमान लगेच होतं. अनोळखी गोष्टीबद्दलचं ज्ञान अनभ्यासदशेतलं. तिथे थांबून तपासावं लागतं. व्यापाराच्या भाषेत बोलायचं तर दहा वर्षांचा पुरवठादार, तेच खातं आणि नेहमीच्या आसपासची रक्कम ही अभ्यासदशा. पुरवठादार जुनाच पण खातं बदललेलं, की अनभ्यासदशा सुरू झाली. नावाच्या ओळखीवर नव्या खात्याला विश्वास उधार मिळत नाही.

भामट्यांचं सगळं कौशल्य या दोन दशांची सीमारेषा पुसण्यात असतं.

२०१५ साली ओएनजीसीच्या बाबतीत हेच झालं. गुजरातेतून नाफ्थाचा माल सौदी अरामकोकडे गेला होता. व्यवहार नेहमीचा, पत्रव्यवहारही नेहमीचा. त्या मेलांच्या मालिकेत मध्येच कुणीतरी शिरलं. पत्त्यातल्या ‘एन’ आणि ‘जी’ या दोन अक्षरांची अदलाबदल केलेल्या मेलवरून, पैसे आता दुसऱ्या खात्यावर पाठवा, असं कळवलं गेलं. अरामकोने पाठवले. मुंबई पोलिसांकडे तक्रार झाली तेव्हा आकडा सुमारे १९७ कोटींचा सांगितला गेला. मेलचा मजकूर, संदर्भ, मालाचा तपशील, सगळं ओळखीचं होतं. अनोळखी होती फक्त दोन अक्षरांची जागा. मराठी शाळेत शुद्धलेखनावर छड्या खाल्लेल्या पिढीला यात काव्यात्म न्याय दिसेल, पण कामाच्या रेट्यात प्रेषकाचा पत्ता अक्षर अक्षर कोण वाचतं?

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्निमाँट या इटालियन समूहाच्या मुंबईतल्या कंपनीला आलेला निरोप तर खुद्द इटलीतल्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नावाचा होता. चीनमध्ये एक कंपनी गुपचूप विकत घ्यायची आहे, पैसे हाँगकाँगला पाठवा. नुसत्या मेलवर काम भागवलं नाही. दूरध्वनीवरून बैठका घेतल्या गेल्या आणि त्यांत वेगवेगळ्या माणसांनी वकील नि अधिकारी म्हणून भूमिका वठवल्या. तीन हप्त्यांत १ कोटी ८६ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १३० कोटी रुपये गेले. या नाटकाचा कणा होता गुप्तता. गुप्ततेच्या नावाखाली मुंबईतल्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट करण्यापासून रोखलं गेलं: शेजारच्या खोलीत जाऊन ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारणं.

आणि तसं विचारणं आपल्याकडे अवघडच. ‘साहेबांनी सांगितलंय’ या वाक्याला मराठी कचेरीत अपील नाही. साहेबांना परत फोन करून ‘तुम्हीच पाठवलंत ना?’ असं विचारायचं म्हणजे अविश्वास दाखवणं, आगाऊपणा करणं. वर संशयाला आपल्या धार्मिक संस्कारात प्रतिष्ठा नाही. संशयी माणसाचा नाश होतो, असं गीता बजावते आणि ते लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्याच परंपरेतलं दुसरं टोक मात्र सहसा कुणी सांगत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत मोक्षाला उपयोगी म्हणून सोळा पदार्थ सांगितले आहेत, आणि प्रमाण नि प्रमेय यांच्या पाठोपाठ त्यांत तिसरा येतो संशय. नैयायिकांच्या लेखी संशय ही चौकशीची पहिली पायरी. जे ठाऊकच नाही किंवा जे ठाम ठरलेलं आहे, त्याबद्दल चौकशी होत नाही. ती होते संशयित गोष्टीबद्दल. गीतेतला संशयात्मा संशयातच वस्तीला राहतो, नैयायिक तिथून पुढे निघतो. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

अडचण अशी की हिशेबनिसाने दर वेळी स्वतःच्या हिमतीवर संशय घ्यावा, ही अपेक्षा निर्दय आहे. पगार पंचवीस हजार, समोर मालक, आणि नकार द्यायचा त्याने. म्हणून शहाणे मालक संशयाचं काम माणसाच्या स्वभावाकडून काढून घेतात आणि नियमाकडे देतात. खातं बदलल्याचा निरोप कुणाकडूनही येवो, जुन्या फायलीतल्या नंबरावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपया हलणार नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, कारण तो नंबरही त्याच भामट्याचा असणार. ‘माझ्या नावाने निरोप आला तरी हेच करायचं,’ असं मालकाने स्वतःच्या सहीने लिहून ठेवायचं. एवढं झालं की परत फोन करणारा उद्धट ठरत नाही. तो हुकूम पाळत असतो. विश्वास ठेवायची मोकळीक माणसांना मिळते, कारण अविश्वासाची हमाली कागद करतो.

हे शहाणपण पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राने आणून दिलं, असं ज्याला वाटत असेल त्याने जुनी हुंडी वाचावी. पुणे, सुरत, नागपूर, काशी या पेठांमधून पेशवाईत लाखो रुपये हुंड्यांवरून फिरत. हुंडीत रक्कम आकड्यात असे, अक्षरात असे, आणि वर तिच्या निम्म्याची दुप्पट अशीही लिहिली जाई: हजार, ज्याचे निम्मे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे. आकड्यात कुणी एक शून्य वाढवलं तर निम्मा आकडा चुगली करी. हुंडी घेऊन येणाऱ्याच्या हातून नव्हे, तर वेगळ्या वाटेने दुकानाला सूचनेचं पत्र जाई, आणि दोन्ही पडताळून मगच पैसे मोजले जात. शाहजोग हुंडी तर फक्त ‘शाह’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या असामीलाच द्यायची. भलत्याला दिली तर भरपाई देणाऱ्याच्या माथी. मूळ हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. आज ज्याला दुसऱ्या मार्गाने पडताळणी म्हणतात ते त्या गुमास्त्यांच्या हाडीमाशी होतं, आणि पडताळणी मागितली म्हणून कुठल्या शेठजीचा अपमान झाला नाही.

मग हुंडी गेली आणि एनईएफटी आलं. इथे एक गंमत झाली. नामस्मरणावर उभ्या असलेल्या देशाच्या बँकिंग व्यवस्थेत नावाला किंमत उरली नाही! १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांकाच्या आधारावर, आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. फॉर्मवर नाव लिहून घेतलं जाई खरं, पण ते जुळतं का, हे यंत्र बघत नसे. ‘शिवशक्ती ट्रेडर्स’ लिहा नाहीतर आणखी काही लिहा, आकडा बरोबर असेल तिथे पैसे जाणार. कागदावर नाव छापलेलं दिसलं की माणसाला वाटतं, पैसे नावाला चाललेत. हा भ्रम वर्षानुवर्षं चालला. ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नोंदवलेलं नाव दाखवायची सोय या दोन्ही मार्गांवर द्या. यूपीआय वापरणाऱ्या भाजीवालीला जी सोय आधीपासून होती, ती कोट्यवधी पाठवणाऱ्या कंपनीला इतक्या उशिरा मिळाली.

मधल्या काळात वेग वाढला. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षभर, चोवीस तास चालू आहे. आरटीजीएसने गेलेली रक्कम अंतिम आणि अपरिवर्तनीय असते. शनिवारी रात्री अकराला साहेबांचा निरोप आला तर पूर्वी सोमवार उजाडेपर्यंत डोकं थंड व्हायला वेळ मिळे. आता मिळत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन गेला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा असते.

‘मग व्हॉट्सॲप नको, मेल नको, प्रत्यक्ष बोलूनच खात्री करू,’ असं कुणी म्हणेल. प्रत्यक्ष हे सगळ्या दर्शनांना मान्य असलेलं प्रमाण, अगदी बाकी काहीही न मानणाऱ्या चार्वाकालासुद्धा. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराबद्दल मेल आला, तेव्हा त्याला आधी योग्य तोच संशय आला. मग त्याला व्हिडिओ बैठकीत बोलावलं गेलं. पडद्यावर वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारी होते. संशय मावळला. त्याने पाच खात्यांवर पंधरा वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. पडद्यावरची ती माणसं यंत्राने घडवलेले चेहरे होते. गौतमाने प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारं असावं, अशी अट मुद्दाम घातली होती. मृगजळही डोळ्यांनाच दिसतं.

इथपर्यंतची सगळी प्रकरणं लबाडीची. लबाडी करणारा कुणीच नसताना काय होतं, हे पाहायचं तर न्यूयॉर्कला जावं लागतं, व्हाया मुंबई.

११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जदात्यांना ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. गेले सुमारे ८९ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे व्याजासोबत सगळं मुद्दल. ज्या संगणकप्रणालीवरून हे झालं ती फ्लेक्सक्यूब. तिचा जन्म १९९० च्या दशकात सिटीबँकेच्याच मुंबईतल्या उपकंपनीत झाला, ती कंपनी पुढे आय-फ्लेक्स झाली आणि अखेर ओरॅकलकडे गेली. मुद्दल बँकेतल्याच एका अंतर्गत खात्यात वळवायचं तर तीन चौकटी भराव्या लागत होत्या. भरली गेली एक. पडताळणी नव्हती असं नाही. सहा डोळ्यांचा नियम होता: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची, तिसऱ्याने मंजूर करायची. पहिले दोघे भारतातल्या आउटसोर्सिंग कंपनीचे, तिसरा अमेरिकेत डेलावेअरमध्ये. तिघांनाही वाटलं एक चौकट पुरते. यंत्राने शेवटी विचारलंसुद्धा की पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का? व्याज तर बाहेर जायचंच होतं, त्यामुळे उत्तर आलं ‘हो’. किती जातील, हे त्या प्रश्नात नव्हतं. चूक कळली दुसऱ्या दिवशीच्या नेहमीच्या आढाव्यात.

सहा डोळे एकाच गैरसमजातून पाहत असतील तर ते दोन डोळेच. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या असत्या, एकाने चौकटी, एकाने लाभार्थी आणि एकाने फक्त बाहेर जाणाऱ्या रकमेची बेरीज, तर तिसऱ्याच्या कपाळावर आठी पडली असती. आपल्याकडच्या देवळांत हा प्रकार नवा नाही. मंत्र बरोबर, पळी-पंचपात्र बरोबर, आचमन बरोबर, आणि गुरुजींचं लक्ष घड्याळाकडे. मेकर-चेकरचंही असंच कर्मकांड होऊन बसतं. चेकर दिवसाला चारशे व्यवहारांवर टिक करतो, आणि चारशे एकाव्यावर टिक न करण्याचं कारण त्याचं बोट विसरून गेलेलं असतं.

तपासणाऱ्याला कोण तपासणार, हा प्रश्नही जुनाच. नैयायिकांवर मीमांसकांचा मुख्य आक्षेप तोच होता. एका ज्ञानाचा खरेपणा दुसऱ्या ज्ञानाने ठरवायचा, तर त्या दुसऱ्याचा कशाने ठरवणार? तिसऱ्याने? याला शास्त्रात अनवस्था म्हणतात, आणि सहाच्या जागी आठ, आठाच्या जागी दहा डोळे नेमणाऱ्या प्रत्येक कंपनीला ती गाठते. कुमारिलाचं उत्तर व्यवहारी होतं: तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जायची गरज पडत नाही. एक प्रतीती, तिला छेद देणारी शंका, त्या शंकेची तपासणी, आणि बस्स. नियंत्रकांच्या सल्लामसलतीत हे वाक्य तेराशे वर्षांपूर्वीचं म्हणून कुणी सांगणार नाही, पण सांगायला हरकत नसावी.

रेव्हलॉन प्रकरणाचा उत्तरार्ध धर्मशास्त्राच्या जातीचा आहे. काही कर्जदात्यांनी पैसे परत केले, काहींनी सुमारे ५० कोटी डॉलर ठेवून घेतले. म्हणाले, कर्ज होतंच, फिटलं. चुकून दिलेलं हे ‘दिलेलं’ असतं का? देणाऱ्याचा संकल्प नसताना दान घडतं का? कुठलंही दान करण्याआधी हातावर पाणी सोडून संकल्प म्हणायला लावणाऱ्या समाजाला उत्तर सुचायला वेळ लागत नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये घेणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढी मोठी बँक एवढी मोठी चूक करील असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं, हा त्यातला एक युक्तिवाद. ८ सप्टेंबर २०२२ ला अपिलात निकाल फिरला. कर्ज परत करायची मुदत अजून आली नव्हती, आणि अवचित आलेली ती रक्कम पाहून घेणाऱ्याने चौकशी करायला हवी होती. म्हणजे न्यायालयाने संशयाचं कर्तव्य पैसे मिळालेल्यावरही टाकलं. एक फोन त्यांनी करायला हवा होता.

या निकालावरून दामाजीपंतांची आठवण येणं मराठी माणसाला टळत नाही. महिपतीच्या भक्तविजयात ती कथा आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार दामाजीपंतांनी लोकांसाठी खुलं केलं, बेदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, आणि पंत पोचण्याआधीच विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. आजच्या भाषेत हा तोतयाच. दुसऱ्याच्या वतीने, दुसऱ्याच्या नावावर, अधिकारपत्र नसताना केलेला व्यवहार. बेदरच्या खजिनदाराने त्याला ‘तू कोण, हे पैसे आले कुठून?’ असं काही विचारल्याचं ऐकिवात नाही. पैसे मागणाऱ्याची चौकशी होते, आणून देणाऱ्याची होत नाही, हा दरबारी रिवाज आजही बराचसा टिकून आहे. पण त्या खजिन्याने एक काम चोख केलं: पावती दिली. ती पंतांना गीतेच्या पोथीत सापडली म्हणून तर देवाने काय केलं ते भक्ताला कळलं. चमत्कारालाही जमाखर्चाचा मेळ लागला. ज्या कंपन्या बँकेच्या उताऱ्याशी रोज ताळा करत नाहीत, महिन्याच्या शेवटी बसून करतात, त्यांना चोरी कळते तीही महिन्याच्या शेवटी.

भक्ताने निर्धास्त राहावं, देव हुंडी वटवील, ही नरसी मेहतांच्या कथेतली श्रद्धा फार सुंदर आहे. पण नरसींनी हुंडी लिहिली ती स्वतःची पत पणाला लावून. दुसऱ्याच्या तिजोरीवर बसलेल्या माणसाला ती चैन परवडणारी नाही.

दुसऱ्याच्या तिजोरीचं मानसशास्त्र कौटिल्याइतकं निर्विकारपणे कुणी लिहिलं नाही. अधिकाऱ्यांनी अपहार करण्याचे चाळीस प्रकार तो मोजून दाखवतो. त्याचा सल्ला असा की अधिकाऱ्यांची एकी झाली तर ते मिळून खातात, भांडण झालं तर नासवतात, म्हणून दोन्ही होऊ देऊ नये. खात्यावर एकापेक्षा अधिक प्रमुख नेमावेत आणि त्यांना कायम एका जागी ठेवू नये. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण फुटलं, आकडा १३ हजार कोटींच्या वर गेला. तिथे परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट प्रणाली बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीला जोडलेलीच नव्हती, आणि ज्याच्यावर मुख्य आरोप झाले तो अधिकारी २०१० पासून निवृत्तीपर्यंत जवळपास सात वर्षं त्याच विभागात होता.

छोट्या उद्योगात तर मेकर आणि चेकर एकाच ड्रॉवरमध्ये झोपतात. मालकाचं टोकन, मालकाचा पासवर्ड, ओटीपी येणारा जुना फोन, सगळं हिशेबनिसापाशी, कारण ‘साहेबांना कुठे वेळ असतो’. कागदोपत्री दोन सह्या, हात एकच. बारा वर्षांचा विश्वासू माणूस आहे, असं मालक सांगतात, आणि ते खरंही असतं. पण त्या विश्वासू माणसाच्या संगणकावर एखाद्या बनावट जीएसटी नोटिशीच्या जोडपत्रातून विषाणू शिरला, तर त्याला बारा वर्षांची निष्ठा दिसत नाही. दोन टोकनं एकाच संगणकाला लागलेली दिसतात.

वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या सुरुवातीलाच ज्ञानाच्या खरेपणाची अखेरची कसोटी सांगून ठेवली आहे: प्रवृत्ती सफल होणं. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होतं. यावरचा आजचा प्रयोग स्वस्त आहे. नव्या खात्यावर आधी एक रुपया पाठवायचा. लेखा विभागातले लोक त्याला पेनी ड्रॉप म्हणतात. पण इथेही नैयायिकाने हात धरावा असं वळण आहे, कारण भामट्याच्या खात्यावरही रुपया व्यवस्थित पोचतो, आणि ‘रुपया मिळाला, आता बाकीचे पाठवा’ असा मेल तोच करतो. तहान भागली हे सांगणारा पाणी विकणारा असून चालत नाही.

म्हणून भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या एखाद्या कारखान्यात, समजा, मार्चअखेरीच्या धांदलीत एक हिशेबनीस रुपया पाठवतो आणि मेल बाजूला सारतो. मागच्या दिवाळीला पुरवठादाराकडून भिंतीवरचं कॅलेंडर आलेलं असतं, त्यावर छापलेला नंबर फिरवतो. पलीकडून कुणी बाई उचलतात. ‘वहिनी, तुमचं खातं बदललंय का? आज एक रुपया आलाय का बघता?’ त्या म्हणतात, हे जेवायला बसलेत, बँकेचं त्यांच्याच मोबाइलवर असतं, अर्ध्या तासाने बघून सांगतील. बेचाळीस लाखांचं पेमेंट तोवर पडद्यावर तसंच राहतं.